आत्माराम भगतांची ओटी

भगत हे आडनाव मुळात एक हुद्दा आहे. ज्याच्या अंगात गावदेवी यायची आणि गाव ज्याला कौल विचारायचं, तो भगत. आज कित्येक भगत बँकेत आहेत, शाळेत आहेत, त्यांना कोणी काही विचारत नाही. भाईंदरजवळच्या मोरवा गावातल्या आत्माराम भगतांचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. त्यांच्या घरात हा हुद्दा थेट बापापर्यंत चालू होता.

आत्माराम भाईंदर पश्चिमेच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतात. दर मंगळवारी ओटीवर घुमणाऱ्या बापाची त्यांना भयंकर लाज वाटायची. वर्गातली पोरं माना हलवून चिडवायची, ते वेगळंच. बाप गेल्यावर त्यांनी गावाला स्पष्ट सांगून टाकलं की या घरात आता कोणी घुमणार नाही. पुढची तीन वर्षं सुखात गेली.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी शेजारचे नाथाकाका सुनेला, स्वप्नालीला, धरून ओटीवर आले. पाच दिवसांचा ताप, अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त. आत्मारामांना रिपोर्टची गरजच नव्हती.

"काका, डेंगू आहे. प्लेटलेट उतरल्यात. आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा हिला."

"ह्ये लॅबवाला बोलतोय. मी लॅबवाल्याकडं न्हाय आलो. भगताला इचारतोय, काय लागलंय हिला?"

आत्मारामांनी हात जोडून पाहिले, ओरडून पाहिलं. काका ढिम्म. नवरा यतीन जहाजावर, तेव्हा तिच्या बाजूने बोलणारं घरात कोणी नाही. पोरीची मान कलायला लागली. मग आत्मारामांनी भिंतीशी बसकण मारली, डोळे मिटले आणि घुमायला सुरुवात केली. बापाचा हुंकार जसाच्या तसा गळ्यातून निघाला.

"हिला हॉस्पिटलात ने," देवी म्हणाली. "वेळ लावलास तर गाठ माझ्याशी आहे."

काकांनी जमिनीला कपाळ टेकलं आणि रिक्षा आणायला धावले.

स्वप्नाली वाचली. पुढच्या मंगळवारी आत्मारामांच्या ओटीवर नारळ घेऊन वीसेक माणसं बसली होती, त्यात भाईंदर पूर्वेच्या टॉवरमधलीही होती. आत्माराम भडकले.

"देवी-बिवी काही आली नव्हती. मी नाटक केलं. त्या पोरीसाठी केलं. आता घरी जा सगळे."

जागचं कोणी हललं नाही. नाथाकाका तर कौतुकाने हसले.

"तुझा बापूस पन दर टायमाला ह्येच बोलायचा. मी ढोंग करतोय, मना सोडा, बोलायचा. आमी कुठं सोडला त्याला?"

आत्माराम मटकन खाली बसले. बापाने हे घरात कधी सांगितलं नव्हतं, आणि आपणही कधी विचारलं नव्हतं. सगळा जन्म तो माणूस याच ओटीवर अडकून पडला आणि वर पोटच्या पोराने त्याची लाज बाळगली. त्यांना रडू आवरेना. सगळं अंग गदगदून हलायला लागलं.

"आली," मागून कोणीतरी हळूच म्हणालं, आणि सगळ्यांनी हात जोडले.