राणीसाठी आलेल्या तीन गोण्या

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

आमची राणी म्हणजे व्हिक्टोरिया बग्गी ओढून थकलेली घोडी. आम्ही चौघांनी तिला सोडवून करी रोडच्या शेडमध्ये आणलं. आज सकाळी शेजारच्या टॉवरच्या सेक्रेटरींनी लॉनचं कापलेलं तीन गोण्या गवत आणलं. गोण्यांसोबत फोटोही काढून घेतला.

गोणीत हात घातला तर आतून वाफ! काल कापून कोंबलेलं गवत आंबलं होतं, वर फवारणीचा वास. घोड्याला उलटी होत नाही हो. असलं पोटात गेलं की फुगून, तडफडून मरतो.

मी नको म्हटलं तर साहेब भडकले. "फुकट देतोय, तरी नखरे?"

"मग कापूच नका. फवारणी थांबवा आणि रोज अर्धा तास तिला लॉनवर चरू द्या. लीद मी उचलते."

"छे! लॉनची वाट लागेल."

संध्याकाळी त्यांच्या ग्रुपवरचा फोटो कोणीतरी मला पाठवला. गोण्या, हसरे साहेब आणि खाली ओळ: 'मुक्या जिवाचे आशीर्वाद मिळाले'.

राणी मुकी आहे हे त्यांचं नशीब. नाहीतर तिने काय आशीर्वाद दिला असता, सांगा बघू?