विहीर उपसून पाहणारे सासरे

दुसऱ्याच्या शब्दावर माझ्या सासऱ्यांइतका कमी विश्वास ठेवणारा माणूस साऱ्या पुण्यात नव्हता. सूर्य उगवला म्हटलं तरी ते अंगणात जाऊन खात्री करत. दुधाचा रतीब लावण्याआधी गवळ्याच्या म्हशीला भेटून आले. माझं स्थळ सुचवलं गेलं, तेव्हा आमच्या आळीत येऊन त्यांनी नेमकी माझ्याकडेच माझी चौकशी केली. मी अनोळखी गृहस्थांपुढे स्वतःची तोंड भरून स्तुती केली. घरी जाऊन म्हणाले, "मुलगा बोलतो फार. पण दात चांगले आहेत." आणि मुलगी दिली.

पुढे मी दफ्तरात कारकुनी करून गाठीला बांधलेलं सगळं घालून, शिवाय बायकोच्या पाटल्या मोडायचं ठरवून, वारज्याचा एक मळा घ्यायला निघालो. मळ्यातली विहीर तुडुंब भरलेली.

"उपसून पाहिलीत?" सासऱ्यांनी विचारलं.

"अहो, भरलेली विहीर कशाला उपसायची?"

"जावईबापू, रिकामी कशी उपसणार?"

झालं! भाड्याने बैल आणून त्यांनी मोट सुरू केली. मालक कळवळून म्हणाला, "अवं बाबा, पाणी दिसतंय की! बैलं कशापायी दमवताय?" सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. दिवस मावळताना तळ दिसला. मी लाजेने अर्धा झालो होतो. ते मात्र तिथेच मुक्काम ठोकून राहिले. सकाळी आम्ही वाकून पाहिलं, तर पाणी बोटभरही चढलेलं नव्हतं. विहिरीला झराच नव्हता. मालकाने ओढ्यापासून चोरून पाट काढून ती भरली होती. बायकोच्या पाटल्या तिच्या हातात राहिल्या, आणि सासरे मला एका शब्दाने बोलले नाहीत. घरी येऊन फक्त दोन वाट्या जास्त आमटी प्यायले.

काही वर्षांनी वाघोलीकडे जमीन मिळत होती. या खेपेला मी स्वतः विहीर उपसली आणि सकाळी ती पुन्हा भरलेली पाहिली. तोवर सासऱ्यांचे डोळे मोतीबिंदूने अधू झाले होते. तरी ते आल्याशिवाय राहायचे नाहीत म्हणून मी गाडी जुंपून त्यांच्या दारात नेली.

ते ओसरीवरून उठले नाहीत. "तुम्ही पाहिलीत ना?"

"पाहिली."

"मग झालं. मी कशाला येऊ?"

उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला तो एवढाच, आणि तो माझ्यावर. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला एकच वाटत होतं, त्यांनी माझ्यावर खेकसावं, काठी घ्यावी आणि गाडीत येऊन बसावं.