मिठागराचा परिच्छेद

मला माणसांत आणलं ते खारी वस्तीतल्या आमच्या शेजारच्या ताईंनी. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की त्यांनी मला रडवलं. रडले ते माझ्याच करणीने.

परभणीकडून मामाकडे आले तेव्हा शाळा पाचवीतच सुटलेली. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंग करायचे. ताई कॉलेजात. त्यांच्या सरांनी वर्गाला इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात भर घालायला सांगितलं होतं. ताईंच्या वाट्याला मिठागरं आली. केबिन रोडवरच्या सायबर कॅफेतून प्रिंट काढून त्या माझ्याकडे आल्या.

"वाच आणि सांग, कळतंय का. सर म्हणतात, घरातल्या कमी शिकलेल्या माणसाला दाखवा."

कमी शिकलेली, हे मला लागलं. कागदावर 'सौर बाष्पीभवनाधिष्ठित लवणनिर्मिती' असं काहीतरी होतं. मी ओठ हलवत, मान डोलवत शेवटपर्यंत गेले आणि म्हटलं, "मस्त झालंय, ताई. सगळं कळलं."

त्यांनी ते ज्ञानकोशात तसंच चढवलं. दोन दिवसांत तिथल्या कुणा अनोळखी माणसाने परिच्छेद काढून टाकला आणि खाली लिहिलं, 'हे सामान्य वाचकाला समजणार नाही.' ताई तडक आमच्या दारात.

"तुला कळलं होतं ना? मग सांग, मीठ कसं होतं?"

मामी भाजी निवडत होती. "मुंडी तर अशी हलवत होती, जशी काय ही पेपर तपासणारी!" तिच्या हसण्याने माझे कान तापले. जमीन फाटावी असं झालं आणि मला रडू फुटलं.

ताई मात्र हसल्या नाहीत. खाली बसल्या. "अगं, नाही कळलं म्हणायला काय झालं होतं?"

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या. मी कोण सांगणार?"

"मी तुलाच विचारत होते ना, वेडे? तू खोटं बोललीस म्हणून मला माझी चूक दिसलीच नाही."

मग एकेका ओळीवर मी अडत गेले, त्या खोडत गेल्या. शेवटी उरलं ते एवढंच: भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घेतात, उन्हाने ते आटतं, खाली मीठ राहतं. तो परिच्छेद टिकला. पण सरांनी दिलेली मुदत उलटून गेली होती आणि त्यांनी ताईंचे गुण कापले. हे मला मामीकडून कळलं. ताई कधीच बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लाज वाटते.

अजून बँकेत, डॉक्टरपुढे मान आपोआप हलते. मग आवरते, पुन्हा विचारते.

ताई आता लग्न होऊन नाशिकला असतात. मुलांसाठी पुस्तक लिहायचं त्यांच्या मनात आहे. ते होईल तेव्हा मी सुट्टी टाकून जाईन, पहिल्या पानापासून वाचेन, आणि जे समजणार नाही ते त्यांच्या तोंडावर सांगेन. एवढं देणं मी त्यांचं फेडणारच.