शीर त्यालाच विचारली

सरकारी दवाखान्यात रक्त काढण्यात माझा हात कुणी धरत नसे. केदारखेड्याहून आलेल्या म्हाताऱ्यांची शीरसुद्धा मी एका टोचणीत पकडायची, आणि त्याचा मला भलता तोरा होता. एचआयव्हीची तपासणी सुरू झाली, पण नशेची इंजेक्शनं घेणारं कुणी फिरकेना. त्यांना फिकीरच नाही, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगायची.

मग एके दिवशी नवीन जालन्यातला एक हमाल आला. इंजेक्शनं घेतो, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. बायकोला सातवा महिना होता. आपल्यामुळे तिला न् लेकराला लागण झाली असेल का, या भीतीनं त्याची झोप उडाली होती.

मी रबर बांधून टोचलं. रक्त येईना. दुसऱ्या हातावर टोचलं, तरी येईना. चौथ्या वेळी मी भडकले, “काय वाट लावलीस रे हातांची!”

तो उठलाच. “ताई, म्हणून तर आमच्यातलं कुणी येत न्हाई. जाईल तिथं बोलणी खाऊन राह्यलो. शीर कुठंय ते आमाला इचारा की!”

मी खजील झाले. रोज स्वतःची शीर शोधणारा माणूस समोर होता, आणि मी त्याला विचारलंच नव्हतं! “बस, दाखव,” म्हटलं.

त्यानं मनगटाच्या मागे बोट ठेवलं. “हितं. बारीक सुई घ्या. जल्दी करू नका.”

पहिल्याच टोचणीत रक्त! “आलं!” मी ओरडलेच. तोही हसला.

पुढच्या आठवड्यात निकाल घ्यायला आला तो तिघा दोस्तांना घेऊनच. “ही ताई इचारून टोचती,” दारातच सांगत होता. सकाळी नशा उतरली की त्यांचं अंग मोडून येतं, म्हणून मी डॉक्टरसाहेबांशी भांडून तपासणीला दुपारची वेळ मिळवली. काय ते दिवस! जेवायलाही फुरसत नसे, आणि मी खुशीत असायची.

त्याच्या रक्तात मात्र लागण निघाली. घरी त्यानं स्वतःच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. तिचा निकाल आला, तो मी दोनदा वाचून मगच सांगितला.

“हिला नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, पण आज नाही!”

“न्हाई? बिलकुल न्हाई?” तो टाळ्या पिटायला लागला. “मंग सुटलो! माझं काय व्हायचं ते होऊ द्या.”

बायकोनं त्याचे दोन्ही हात धरून खाली बसवलं. मग माझ्याकडं वळली.

“माझं झालं, ताई. आता यांच्या दवाईचं सांगा.”