तपकिरी व्हायला वेळ लागतो

आण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत बँकेच्या रांगेत उभी होते. "आत्या, पप्पा गेले," एवढंच सुजित बोलला आणि त्याने फोन वहिनीकडे दिला. वहिनी नुसतं "ये" म्हणाली. रांग सोडून मी बाहेर आले, पिशवीतून कागद काढला आणि कामं लिहिली. कडेगावला कुणाकुणाला कळवायचं, गाडी कुणाची, साताऱ्याच्या घरी स्वयंपाकाला कोण. माझा स्वभावच तसा आहे. यादी केली की पुढचं सुचतं.

आण्णा माझा थोरला भाऊ. फौजेत गेला, शेवटची काही वर्षं अंदमानात होता आणि तिथून समुद्राचं वेड घेऊन आला. निवृत्त झाल्यावर कडेगावची जमीन वाट्याने दिली, साताऱ्यात घर बांधलं आणि पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. आमच्या ऊसवाल्या भावकीत त्यावर फार हसणं झालं. "कृष्णेचं गोडं पाणी सोडून ह्यो गडी खारं पाणी पाळतोय," असं चुलते म्हणायचे. आण्णा त्यांना चहा पाजायचा आणि टाकीसमोरच्या खुर्चीत बसवायचा. थोड्या वेळाने तेही टक लावून बघत बसायचे.

एकदा मी गेले तर टाकीत एक नवा प्रवाळ होता. मऊ, अळंबीसारखा, आणि रंग असा गुलाबी की जत्रेतल्या मिठाईची आठवण व्हावी. मी छान म्हटलं तर आण्णा वैतागला. "शालन, नीट बघ. देठापासनं शेंड्यापतुर एकच रंग. कुठं फिका न्हाई, कुठं गडद न्हाई. देवानं असं कवा कुणाला रंगवलंय व्हय? बुचकळून काढलाय त्याला."

"मग आणलास कशाला?"

"उपाशी हाय म्हणून."

मग त्याने समजावून सांगितलं. अशा प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं तपकिरी शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावर प्रवाळ जगतो. आधी ते शेवाळ जातं, प्रवाळ पांढरा पडतो. पांढरा कुणी घेत नाही म्हणून त्याला रंगात बुडवतात, आणि मग उरल्यासुरल्या शेवाळापर्यंत उजेडही नीट पोचत नाही. घेणारा घरी नेतो, सजावट म्हणून लख्ख दिव्याखाली ठेवतो आणि थोड्याच दिवसांत तो मरतो. अशक्त झालेल्या जिवाला लख्ख उजेड सोसत नाही, म्हणून आण्णाने मात्र दिवा मंद केला, पाण्याचा झोत दुसरीकडे वळवला, सुटणारा रंग धरायला कोळशाची पिशवी ठेवली. रोज दुपारी पंप बंद करून ड्रॉपरने बारीक खाणं त्याच्या अंगावर सोडायचा. वहिनी म्हणायची, "मला कवा एवढ्या हौसंनं भरवलं न्हाई." त्यावर आण्णा म्हणायचा, "तुझा रंग पक्का हाय. तुला काय धाड भरलीय?"

कित्येक महिन्यांनी गुलाबी उतरला आणि खालून मातकट तपकिरी वर आला. एका दुपारी सगळ्या अंगावर बारीक फुलोरा उघडला. आण्णाने मला व्हिडिओ कॉल करून तो दाखवला. फोन नुसता टाकीसमोर धरून उभा राहिला.

त्याच सुमाराला आण्णाच्या किडन्या गेल्या. तोंडावर सूज आली. भेटायला आलेले पाहुणे म्हणायचे, "लय तेज आलंय की तोंडावर. तब्येत मानवली तुमाला." ते गेल्यावर आण्णा म्हणाला, "आता मलाबी रंगवलाय बघ." हसला तो एकटाच.

तेराव्याच्या आधी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. मी त्याखालून पुढे गेले आणि परत मागे आले. गाल गुलाबी, मिशी काळीभोर, मागे बर्फाचे डोंगर. आण्णाची मिशी किती वर्षं पांढरी होती आणि बर्फात तो कधी गेलाच नव्हता. घरी आले तर टाकीवर दिवा पूर्ण पेटलेला, आणि खाली एक नवाकोरा गुलाबी प्रवाळ.

"सुजित, तपकिरी कुठाय?"

"आत्या, त्याचा पार रंग उडाला हुता. मेल्यागत दिसायचा. पाहुणे येणार, फोटो त्याच खोलीत. म्हणून दुकानात देऊन बदलून आणला. पप्पांनी पहिल्यांदा आणलेला, अगदी तसाच."

सुजित वाईट मुलगा नाही. शिरवळच्या कंपनीत खपतो, सुट्टीला घरी येतो. दर सुट्टीला त्याने तो रंग जाताना पाहिला होता. का जातोय, हे बापाला एकदाही विचारलं नव्हतं.

मी तशीच दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "त्यो व्हय मावशी? मरायला टेकलेला. टाकून दिला."

"तो जगला होता. रंग उतरला म्हणजेच जगला होता."

"मग तसं गिऱ्हाइकाला सांगा की. गिऱ्हाईक रंग मागतंय."

परत आल्यावर मी वहिनीला म्हटलं, हा गुलाबीही काढून टाकूया, डोळ्यांसमोर नको. वहिनी टाकीकडे बघत म्हणाली, "ह्येनं कुणाचं काय वाईट केलंय, वन्सं?" आणि तिने दिवा मंद केला.

त्याला आता काही आठवडे झाले. मी सवडीने साताऱ्याला जाते. प्रवाळ अजून गुलाबीच आहे, आक्रसलेला. जगेल असं मला वाटत नाही, आणि तसं मी वहिनीला सांगितलंही आहे. सुट्टीला सुजितकडे कुणी आलं की तो दिवा वाढवतो आणि "पप्पांची हौस" म्हणून दाखवतो. माणसं मान हलवतात, छान म्हणतात. सुजित त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेला की वहिनी उठते, दिवा मंद करते, पंप बंद करते आणि ड्रॉपर घेऊन टाकीशी उभी राहते. पंप थांबला की खोली एकदम गप्प होते. आण्णा असताना तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही.

आम्ही अजूनही बोलत नाही.