हाताला यश

माझ्या धाकट्या बहिणीचं शरीरच तिच्या रक्तातल्या प्लेटलेट्स मारत होतं. जुनी औषधं लागू पडेनात, तेव्हा सोलापुरातल्याच एका दवाखान्यात नव्या इंजेक्शनच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीसाठी तिला घेतलं. या टप्प्यात मुख्यतः बघतात ते माणसाला औषध कितपत सोसतं. एका गटाला सोसलं, की पुढच्या गटाला वाढीव मात्रा.

प्रत्येक इंजेक्शननंतर तिचं डोकं ठणकायचं. कपाळाला ओढणी आवळून ती भाकरी थापायची.

“डॉक्टरांना सांग.”

“सांगते की, ताई.”

सांगायची नाही. आमच्या आईची मंद्रूप गावाकडची शिकवण अशी, की डॉक्टरांनी विचारलं की आधी ‘बरं हाय’ म्हणायचं. दुखणं सांगणं म्हणजे त्यांच्या हाताच्या यशाला बोल लावणं. डॉक्टर संगणकाकडे बघत विचारायचे, “काही त्रास?” बहिणीच्या आधी आईच बोलायची, “न्हाय की. तुमच्या हाताला लई यश हाय.” डॉक्टर खूश. इथंच वाढलेला माणूस. आमच्याकडच्या ‘बरं हाय’चा अर्थ त्यांना ठाऊक नसेल, हे मी कधीच मानणार नाही. त्यांना तेच उत्तर सोयीचं होतं.

मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर डॉक्टर घरी आले. सोबत चाचणीच्या नोंदी ठेवणाऱ्या बाई.

“मूळ आजारच वाईट,” ते म्हणाले. “पुढचा गट सुरू करायचाय, म्हणून एकदा विचारतो. इंजेक्शननंतर काही तक्रार नव्हती ना?”

आईनं पदरानं डोळे पुसले. “न्हाय ओ साहेब. तुमी लई केलंत. तिचंच नशीब.”

डॉक्टरांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला आजही संताप येतो. वाढीव मात्रा आता दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीच्या दंडात जाणार होती.

“डोकं दुखायचं,” मी म्हणाले. “प्रत्येक इंजेक्शननंतर.”

“पण आई तर म्हणतात—”

“तुम्ही आईला विचारत होता. दुखत होतं माझ्या बहिणीचं डोकं.”

आईनं माझा हात दाबला. “गप की गं! दारात आलेल्या माणसाला असं बोलत्यात व्हय?”

मी हात सोडवून घेतला.

“लिहा,” मी बाईंना म्हणाले. “माझ्यासमोर लिहा.”

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग बाईंनी पेन उघडलं. आई उठली आणि माझ्याकडे न बघता त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली.