क्लच चाचांचा, हॉर्न माझा

सोलापुरात आज जेवढ्या मोटारी धावतात त्यांतल्या निम्म्या चाचांनी शिकवलेल्या माणसांच्या हातात आहेत, आणि उरलेल्या निम्म्या चालवणाऱ्यांनी चाचांकडे शिकायला हवं होतं, असं चाचांचं ठाम मत आहे. मी या दोन्ही निम्म्यांत बसत नाही. मी चाचांकडे शिकलो आणि मला मोटार येत नाही. चाचांच्या आयुष्यभराच्या कामावर एकच डाग आहे आणि तो डाग कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो.

चाचा म्हणजे आमचे मोटार शिकवणारे मास्तर. पांढरी दाढी, पांढरा शर्ट आणि अनवाणी पाय. गाडीत बसायच्या आधी ते चपला काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवत. आधी मला वाटलं, गाडी घाण होऊ नये म्हणून असेल. नंतर कळलं की त्यामागे तत्त्व आहे. "सर, गाडी डोक्याला कळत नाय, तळपायाला कळती," ते म्हणत. सगळ्या शिकवणीच्या गाड्यांप्रमाणे त्यांच्याही गाडीला डाव्या बाजूला एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक होता. त्यावर पाय ठेवून चाचा खिडकीबाहेर असे पाहत बसायचे, जणू सासुरवाडीला निघालेत. सात रस्ता चौकाच्या गर्दीत त्यांचा एखादा जुना विद्यार्थी शेजारी आला की काच खाली व्हायची. एकदा शहरातले एक मोठे डॉक्टर आपल्या लांबलचक गाडीतून सिग्नलला थांबले होते. चाचा ओरडले, "डॉक्टरसाहेब, कोपर आत घ्या! पेशंटला परहेज सांगता, स्वतः पाळत नाय." आणि डॉक्टरांनी खरोखर शाळकरी पोरासारखं कोपर आत घेतलं.

चाचा कधी रागावत नसत. राग आला की ते जास्तच अदबीनं बोलत. मी एकदा समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर न बघता वळलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "क्या सर, लई नशीबवान हाय तुमी. ट्रॅक्टरवाल्यानं तुमाला माफ केलं." पुढचा अर्धा तास मी त्या ट्रॅक्टरवाल्याचा मनातल्या मनात ऋणी होतो.

माझी अडचण अशी, की आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. आयुष्यात जे काही मिळवलं ते पुस्तकातून. त्यामुळे पहिल्या दिवशी मी दोनशे पानी वही घेऊन गेलो. डावीकडे क्लचची आकृती, उजवीकडे त्याचं कार्य, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघ. शिकाऊ परवान्याची लेखी परीक्षा असते, तिच्यात मला पैकीच्या पैकी गुण पडले. परवान्याची मुदत संपली की मी नवा काढायचो आणि पुन्हा पैकीच्या पैकी मिळवायचो. चौथ्या वेळी चाचा म्हणाले, "सर, तुमी पास होता, गाडी नापास होती." एकदा चौकात गाडी बंद पडली आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा मी मांडीवरची वही उघडली. चाचांनी ती हळूच मिटली. "ह्या वहीला ब्रेक हाय का?"

माझ्या बायकोला त्यांनी तीन आठवड्यांत तयार केलं. ती आमची गाडी घेऊन बाजारात जाते, माहेरी जाते, उलटी घेऊन चिंचोळ्या बोळात लावते. मी शेजारी बसून पिशव्या धरतो. मोठ्या माणसांना मोटार का येत नाही, यावर चाचांचं एक शास्त्रच होतं. लहानपणी ज्यानं काही तोडलं-फोडलं नाही, त्याला गाडी यायची नाही. "तुमच्या बाईसाहेबांनी भावाची सायकल विहिरीत घातली हुती, तवाच त्यांचं अर्धं शिक्षण झालं. तुमी काय मोडलं सांगा." मी खूप आठवलं. माझ्या गावी, वैरागला, आमच्या दोन खोल्यांत मोडण्यासारखं फारसं काही नव्हतं, आणि जे होतं ते मोडलं असतं तर दुसरं आलं नसतं. मी कपबशीसुद्धा दोन्ही हातांनी धरून वाढलो. लोखंडाची एवढी मोठी वस्तू एका पायाच्या भरवशावर रस्त्यावर सोडायची, हे माझ्या शरीराला मान्यच होईना.

तरी शिकायला हवं होतं, कारण आईची इच्छा होती. मला कॉलेजला घातलं तेव्हा पेठेतल्या कुणीतरी तिला विचारलं होतं, "एवढं शिकून पोरगं काय मोटारीतनं फिरवणार हाय व्हय तुला?" तिनं ते पंचवीस वर्षं मनात ठेवलं. सुनेच्या शेजारी बसून ती कुठंही जायची, पण वैरागच्या पेठेतून मात्र लेकानंच न्यायचं. म्हणून मी शिकत राहिलो, आणि गंमत म्हणजे एका हिवाळ्यात मला गाडी येऊ लागली. वळसंगच्या रस्त्यानं मी लोण्यासारखी गाडी न्यायचो. गतिरोधक कधी आला कळायचं नाही. परत आल्यावर चाचांच्या समोरच आईला फोन लावायचो. "आई, आज ट्रकला मागं टाकलं." ती म्हणायची, "जपून रं बाबा," आणि तिचं हसू ऐकू यायचं.

मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तिला सोलापूरला आणायचं होतं. बायको म्हणाली, मी आणते. आईनं फोनवर सांगून टाकलं, "त्याला येतीय की आता गाडी. त्यानं आणली तर येते, न्हायतर माझी मी येष्टीनं येते." त्या गुडघ्यांनी एसटीच्या पायऱ्या! मी म्हटलं, मीच आणतो. सरावासाठी आदल्या रविवारी आमची स्वतःची गाडी बाहेर काढायला बसलो. सोसायटीच्या फाटकापर्यंत ती अकरा वेळा बंद पडली आणि बाराव्या वेळी उडी मारून तुळशीच्या कुंडीवर गेली. आयुष्यात मी मोडलेली ती पहिली वस्तू.

मी तसाच चाचांकडे गेलो. "चाचा, तुमच्या गाडीत मला येतं, माझ्या गाडीत का येत नाही?"

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. आपल्या तळपायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सर, क्लच माझा हुता. ब्रेक बी माझाच. स्टेरिंगला बी एक बोट असायचं. हॉर्न तेवढा तुमचा."

"म्हणजे ट्रकला..."

"ट्रकला मीच मागं टाकलं."

"मग सांगायचं नाही का, चाचा?"

"सांगणारच हुतो. पण तुमी फोन लावायचे. तिकडनं आक्का हसायच्या. मंग माझी जबान उचलायची नाय." मग ते म्हणाले, "मंगळवारी माझी गाडी काढू. हात तुमचे, पाय माझे. आक्कांना येष्टीनं येऊ द्यायचं नाय."

मंगळवारी लाल 'एल' लावलेल्या त्या गाडीतून आम्ही वैरागला पोचलो. आई नवी साडी नेसून दारात उभी. तिला मागच्या सीटवर बसवलं, गुडघ्याखाली उशी दिली. ती म्हणाली, "पेठेतनं घे." पेठेत टोमॅटोचे ढीग, उभ्या दुचाक्या, मधेच एक बकरी. मी घामाघूम होऊन चाक धरलं होतं आणि चाचा बाहेर बघत दुकानांच्या पाट्या वाचत होते. बकरी आडवी आली, गाडी अल्लाद थांबली. बकरी गेली, गाडी अल्लाद निघाली. आई काच खाली करून प्रत्येक ओट्यावरच्या माणसाला सांगत होती, "सोलापूरला निघाले. ल्योक आलाय न्यायला. व्हय, त्योच चालवतोय." पेठ संपली तशी म्हणाली, "पुन्यांदा एकदा घे की." आम्ही पुन्हा एकदा घेतली. चाचांच्या कपाळावर घाम होता, पण मान खिडकीकडेच होती.

सोलापुरात घरापाशी उतरताना आईनं माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि डाव्या खिडकीपाशी थांबली. "भाऊ, आता जरा पाय चेपून घ्या. लई लांबनं चालवत आणलीत."

चाचा गडबडले. "मी कुटं, आक्का? सरांनीच चालवली की."

"व्हय की," आई म्हणाली. "त्यानंच चालवली. मी समद्यांना सांगून आलेय न्हवं?"

ऑपरेशन चांगलं झालं. आई आता काठी न घेता चालते. त्या दिवसाबद्दल आमच्यात पुन्हा कधी बोलणं निघालं नाही, आणि मीही नवा शिकाऊ परवाना काढला नाही. चाचांची साखर मात्र वाढत गेली. तळपाय बधिर झाले, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. त्यांनी ती विकून टाकली. विकत घेणाऱ्यानं आधी ते दोन जादा पेडल काढून मागितले, हे सांगताना ते हसले, पण नीट हसू आलं नाही त्यांना.

मी त्यांच्या घरून निघताना त्यांनी सवयीनं विचारलं, "उद्या सकाळी सातला येताय का, सर?" शिकवायला गाडी नव्हती, पायांत जाणीव नव्हती. मी म्हणालो, "येतो की."

तेव्हापासून रविवारी सातला मी रिक्षानं त्यांच्या घरी जातो. ओट्यावर चहा होतो. गल्लीच्या टोकाच्या रस्त्यावरून गाडी गेली की चाचा डोळे मिटून कान देतात.

"तिसरा गिअर," ते म्हणतात. "बरोबर हाय का, सर?"

मला सगळ्या गाड्यांचे आवाज सारखेच वाटतात. "व्हय चाचा," मी म्हणतो, "तिसराच."